कादंबरी दोषी कशी ठरवावी: नवशिक्यांसाठी सोपी पद्धत

एखादी नावाजलेली कादंबरी वंशद्वेष्टी, जातिद्वेष्टी किंवा धर्मद्वेष्टी आहे की नाही, याचा निकाल ज्यांना रविवारच्या जेवणाआधी लावून टाकायचा आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. वाचनाचा पूर्वानुभव लागत नाही. असलाच तर थोडा त्रास होतो. त्यावरची खबरदारी पुढे सांगितली आहे.

लागणारं साहित्य: एक कादंबरी (विकत घेऊ नये, मागून आणावी), एक लाल पेन्सिल आणि मोबाइलवर भराभर टाइप करणारा एक भाचा. निकाल आधीच ठरला असेल तर कादंबरी नसली तरी चालतं.

कोणती कादंबरी घ्यावी

अमेरिकेतले नवशिके मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन'वर हात साफ करतात. मिसिसिपी नदीतून तराफ्यावरून पळणारा एक गोरा पोरगा आणि त्याच्याबरोबर पळणारा जिम नावाचा गुलाम, अशी ती गोष्ट. काळ्या माणसासाठीची शिवी तिच्यात 219 वेळा येते, हे मोजून झालेलं आहे. 1885 साली ती अमेरिकेत निघाली आणि त्याच वर्षी कॉन्कॉर्ड गावच्या ग्रंथालयाने ती कपाटातून काढून टाकली. कारण ही शिवी नव्हे. पोरगा गावंढळ बोलतो, चांगल्या घरातल्या मुलांच्या हाती द्यायच्या लायकीचं हे पुस्तक नाही, एवढंच त्या समितीला खटकलं. 219 वेळा आलेला शब्द त्यांच्या डोळ्यांखालून निघून गेला. नवशिक्यांनी हे लक्षात ठेवावं: राग कशाचा येतो हे पुस्तकापेक्षा समितीत कोण बसलंय यावर जास्त अवलंबून असतं.

आपल्यासारख्या भिवंडीकरांना मात्र इतक्या लांब जायची गरज नाही. आपल्याकडे घरची कादंबरी आहे: भीष्म साहनींची 'तमस'. आहे हिंदीतली, गोष्ट आहे 1947 च्या पंजाबातली, पण तिची कळ लागली ती इथे. 7 मे 1970 ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत भिवंडीत दंगल पेटली आणि तिची झळ जळगाव, महाडपर्यंत गेली. त्यानंतर भीष्मजी आपले थोरले बंधू, अभिनेते बलराज साहनी यांच्याबरोबर भिवंडीत आले. जळलेली घरं, ओस गल्ल्या आणि बंद पडलेले माग पाहताना त्यांना आपलं रावळपिंडी आठवलं. तिथली 1947 ची दंगल त्यांनी स्वतः पाहिली होती, दंगलीनंतरच्या मदतकार्यात ते होते. तेवीस वर्षं जे लिहिलं गेलं नव्हतं, ते भिवंडी पाहून दिल्लीला परतल्यावर लिहायला घेतलं. 1975 साली त्या कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आज अंजूर फाट्यावरून गावात शिरताना गोदामांचे फलक ओळीने दिसतात, या पुस्तकाचा एकही नाही. असो. गाव कशासाठी ओळखलं जावं हे फलक लावणाऱ्याच्या ऐपतीवर ठरतं.

पायरी पहिली: शब्द मोजा

लाल पेन्सिल घ्या. पान उघडा. आक्षेपार्ह शब्द दिसला की गोल करा. 'तमस'मध्ये हे काम उत्तम होतं. मुसलमानांना 'म्लेच्छ' म्हणणारे आहेत, हिंदू-शिखांना 'काफिर' म्हणणारे आहेत. गोष्टीची सुरुवात तर कातडी कमावणाऱ्या नत्थूपासून होते, आणि त्याच्या जातीचं नाव लोक कसं उच्चारतात हे सांगायला नको. पहिल्याच प्रकरणात तो एका कोंदट खोलीत डुकराशी झुंजतोय. मुराद अली नावाच्या माणसाने त्याला पाच रुपये दिलेत आणि सांगितलंय की जनावरांच्या डॉक्टरसाहेबांना मेलेलं डुक्कर हवंय. सकाळी ते डुक्कर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडतं. चाळीस-पन्नास पानांत पेन्सिलीला टोक काढायची वेळ येते.

मोजणी झाली की आकडा भाच्याला सांगावा. आकड्यासमोर कुणी बोलत नाही.

एक धोका आहे. मोजायची सवय लागली की हात थांबत नाही. भिवंडीच्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने केली. अहवालाचे सात खंड आहेत. मिरवणुकीत काय घोषणा दिल्या गेल्या, पत्रकांत काय छापलं होतं, भाषणांत कोण काय बोललं, हे सगळं आयोगाला नोंदवावं लागलं. न नोंदवता त्या घोषणा चिथावणीखोर होत्या की नव्हत्या, हे ठरणार कसं? आता आपल्या पद्धतीने तो अहवाल तपासा. पेन्सिलींचा गठ्ठा संपेल, आणि भिवंडीबद्दल लिहिलेलं सर्वांत धर्मद्वेष्टं पुस्तक उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी लिहिलं, असा निष्कर्ष निघेल.

ॲट्रॉसिटीच्या फिर्यादीचंही तेच. 1989 च्या कायद्याखाली जातिवाचक शिवीगाळीची तक्रार द्यायची तर कोणता शब्द, कुठे, कुणासमोर उच्चारला, हे सांगावं लागतं. ज्याला शिवी बसली त्याच्याच तोंडून ती पुन्हा वदवून घेतली जाते आणि ठाणे अंमलदार ती लिहून घेतो. मग तो कागद जातिद्वेष्टा झाला का? आणि मराठीतली ती आत्मकथनं? लक्ष्मण मानेंचं 'उपरा' (1980), शरणकुमार लिंबाळेंचं 'अक्करमाशी' (1984), लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' (1987). यांच्या तर मुखपृष्ठावरच तो शब्द आहे, जो आयुष्यभर त्यांच्या तोंडावर मारला गेला. या पद्धतीने पहिला गुन्हा त्यांच्यावर दाखल होतो. मार खाल्लेला माणूस वळ दाखवतो तेव्हा वळ मोजून त्यालाच दंड करायचा, असा हा हिशेब आहे.

अशा वेळी नवशिक्यांनी घाबरून जाऊ नये. पेन्सिल खिशात ठेवावी आणि पुढच्या पायरीवर जावं.

पायरी दुसरी: शब्द कुणाच्या तोंडी आहे ते पाहू नका

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि इथेच बहुतेकांचं काम बिघडतं.

'म्लेच्छ' शब्दाला तुम्ही गोल केला. ठीक. पण तो कोण म्हणतं हे बघायला गेलात की संपलात. 'तमस'मध्ये रणवीर नावाचा एक शाळकरी पोरगा आहे. मास्तर देवव्रत त्याला लढवय्या करायला निघालेत. परीक्षा काय, तर कोंबडी कापून दाखव. पोराला ओकारी येते, हात थरथरतात, पण शेवटी तो ती कापतो आणि पास होतो. मग पोरांची टोळी तयार होते, शस्त्रागार उभारलं जातं. शत्रूला ते त्या एका शब्दाने ओळखतात. शत्रू पाहिलेला कुणीच नसतो. शेवटी त्यांच्यातला धाकटा इंदर गल्लीतून चाललेल्या एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याबरोबर चालायला लागतो. अत्तरवाला पोराशी मायेने बोलतो, अत्तराचे फाये विकण्याचा आपला धंदा कसा चालतो ते सांगतो. आणि पोरगा त्याला भोसकतो.

आता सांगा, त्या शब्दाचं लेखकाने काय केलं? त्याच्यामागे दडवलेला माणूस आपल्यासमोर आणून उभा केला, त्याच्या खांद्यावरची पिशवी दाखवली, त्याचा आवाज ऐकवला. तो शब्द वाचणाऱ्याच्या तोंडात पुन्हा सहज येऊ नये अशी व्यवस्था केली. दुसऱ्या बाजूलाही सूट नाही. इक्बाल सिंग नावाच्या शिखाला गाठून, त्याची विटंबना करून, त्याचा धर्म बदलणारा जमाव त्याच कादंबरीत आहे, आणि तिथे हसणारी माणसं ज्या सहजतेने हसतात ते वाचून पोटात ढवळतं.

पाहिलंत? म्हणूनच सांगितलं होतं, तोंड बघू नका. तोंड बघितलं की शेजारी काय ठेवलंय ते दिसतं, आणि ते दिसलं की मोजणी फुकट जाते.

बचाव पक्षासाठी सोय

काही नवशिक्यांना कादंबरी दोषी नव्हे, निर्दोष ठरवायची असते. त्यांचं काम आणखी सोपं. तीन वाक्यं पाठ करावीत: लेखक फार मोठा आहे, पुरस्कार मिळालाय, त्या काळी सगळेच तसं बोलायचे.

तिसरं वाक्य हमखास चालतं, पण कुठे वापरतोय याची काळजी घ्यावी. 'सगळेच' म्हणजे कोण, असं कुणी विचारलं तर पंचाईत होते. ज्यांना ती शिवी दिली जात होती ते काही स्वतःला हौसेने तसं म्हणवून घेत नव्हते. आणि 'त्या काळी कुणाला कळत नव्हतं' हे तर पुण्यात बोलूच नये. 'हकलबरी फिन' निघायच्या बारा वर्षं आधी, 1873 साली, जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' पुण्यात छापून झालं होतं, आणि ते अर्पण केलं होतं अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तिथल्या लोकांना. साता समुद्रापलीकडच्या गुलामगिरीत आणि आपल्या गावकुसाबाहेरच्या जिण्यात काय नातं आहे, हे ज्या काळी एका मराठी माणसाला लख्ख दिसत होतं, त्या काळाच्या नावावर आपण आपला आळस खपवतो.

आफ्रिकन कादंबरीकार चिनुआ अचेबे यांचं उदाहरण मुद्दाम टाळावं. 1975 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात भाषण करताना त्यांनी जोसेफ कॉनरॅडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस'वर सरळ वंशद्वेषाचा आरोप केला. शब्दावरही बोट ठेवलं, पण तिथेच थांबले नाहीत. आफ्रिकेत घडणाऱ्या कादंबरीत आफ्रिकेच्या माणसांना जवळपास बोलूच दिलेलं नाही, ती नदीच्या काठावरची झाडं असावीत तशी गोऱ्या माणसाच्या मनाचा देखावा होऊन उभी राहतात, हे त्यांनी पानं उलटून दाखवलं. कॉनरॅडचे चाहते चिडले. कादंबरी कुठे गेली नाही. फरक एवढाच पडला की आता विद्यापीठांत ती अनेकदा त्या भाषणासोबत शिकवली जाते. माझ्या मते वंशद्वेषाचा आरोप करायचा तर असा. पण नवशिक्यांनी त्या वाटेला जाऊ नये. आधी पुस्तक वाचावं लागतं, तेही आवडत नसताना.

पायरी तिसरी: कोर्टात जा (जपून)

द्वेष पसरवणं आणि धर्मभावना दुखावणं यांसाठीचे भारतीय दंड संहितेतले जुने 153अ आणि 295अ हे आकडे तोंडपाठ असणाऱ्यांनी आता नवे पाठ करावेत: 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेची 196 आणि 299 ही कलमं लागू आहेत. भावना त्याच आहेत, कलमं बदलली.

'तमस'च्या बाबतीत ही वाट चोखाळून झालेली आहे. गोविंद निहलानींनी कादंबरीवर मालिका केली आणि जानेवारी 1988 मध्ये ती दूरदर्शनवर सुरू झाली. ओम पुरी नत्थू झाले होते. स्वतः भीष्म साहनी हरनाम सिंगच्या भूमिकेत होते. पहिले भाग दिसताच ओरड झाली. आमच्या लोकांना बदनाम केलं, असं म्हणणारे दोन्ही बाजूंना निघाले. दोन्हीकडचे लोक एकाच वेळी आपणच बदनाम झालो म्हणू लागले तर ती शंका पुस्तकाबद्दल घ्यावी की पाहणाऱ्यांबद्दल, हा अभ्यासाचा विषय आहे. मुंबई उच्च न्यायालयात अर्ज गेला, प्रक्षेपण थांबवण्याचा हुकूम मिळाला. इथपर्यंत सगळं पद्धतीप्रमाणे झालं.

मग घोटाळा झाला. अपिलात न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः बसून पाहिली. अख्खी. आणि स्थगिती उठवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथेही फेब्रुवारी 1988 मध्ये मालिकेच्या बाजूने निकाल लागला. त्या निकालात आधार घेतला होता एका जुन्या नागपुरी निकालाचा. नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी तेव्हा सांगून ठेवलं होतं की लिखाणाचा परिणाम जोखायचा तो समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापाने. कच्च्या मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने नव्हे. वऱ्हाड-नागपूरच्या वाचकांनी याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही.

त्याआधीही हे घडलं होतं. 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकातल्या चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा'वर अश्लीलतेचा खटला झाला. 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने गोष्ट सबंध वाचली आणि लेखकाला सोडलं. थोडक्यात, न्यायाधीश भिवंडीत ताका तपासणाऱ्यासारखे वागतात: कापड टेबलावरून शेवटच्या वारापर्यंत ओढून घेतात, मग डाग कुठला ते सांगतात. कात्रीने चिंधी कापून नेली तर ऐकून घेत नाहीत. नवशिक्यांना कोर्ट मानवत नाही ते यामुळेच. त्यापेक्षा गावातल्या तीन बत्तीला पुतळा जाळणं स्वस्त पडतं.

शंका: मी स्वतः त्या जातीचा आहे, जिच्या नावाने त्या पुस्तकात शिवी आहे. मी काय करू?

ही शंका चेष्टेवारी नेण्यासारखी नाही, म्हणून मार्गदर्शिका इथे जरा बाजूला ठेवतो.

बोससाहेबांचं माप बंदीसाठी ठीक आहे. पुस्तक जप्त करावं का, मालिका थांबवावी का, एवढ्याच प्रश्नाला ते लागू पडतं. शाळेच्या वर्गात ते चालत नाही. आठवीच्या वर्गात धडा मोठ्याने वाचला जातोय, तो शब्द येतो आणि चाळीस माना एका बाकाकडे वळतात. त्या बाकावरचा पोरगा कच्च्या मनाचा नसतो. तो त्या वर्गातला सर्वांत खंबीर पोरगा असू शकतो. त्याचे कान तरी लाल होणारच. तिथे 'लेखकाचा हेतू शुद्ध होता' हे सांगून काही होत नाही. लेखक वर्गात नाही, बाई आहेत. तो शब्द वाचायच्या आधी बाईंनी काय सांगितलं, तो कुणाला वाचायला लावला, वाचून झाल्यावर माना वळल्या तेव्हा त्यांनी काय केलं, यावर तो तास कसा गेला हे ठरतं. एकच पुस्तक एका वर्गात त्या पोराच्या बाजूने उभं राहील आणि शेजारच्या वर्गात त्याच्या अंगावर येईल. कादंबरी द्वेष्टी आहे का, या प्रश्नाचं उत्तर देऊन त्या बाईंची सुटका होत नाही. आणि पुस्तक कितीही थोर असलं तरी ते अमुक इयत्तेतच, अमुक वयातच वाचलं पाहिजे, असं काही घटनेत लिहिलेलं नाही.

म्हणून, शंका विचारणाऱ्याला एवढंच: तुम्हाला पुस्तक मिटून ठेवायचा अधिकार आहे. त्यासाठी आकडा दाखवावा लागत नाही. पण ते वाचून त्याच्यावर आरोप करायचाही अधिकार आहे, आणि तो आरोप तुमच्याइतका नेमका दुसऱ्या कुणाला करता येणार नाही.

पायरी चौथी: दुरुस्ती

काहींना पुस्तक जाळवत नाही आणि सोसवतही नाही. त्यांच्यासाठी मधला मार्ग म्हणजे शब्द बदलून टाकणे. 2011 साली अमेरिकेत 'हकलबरी फिन'ची अशी आवृत्ती निघाली. शिवीच्या जागी सगळीकडे 'गुलाम' घातलं. जिम तराफ्यावर होता तिथेच राहिला.

आपल्याकडे डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं देण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. रेशनकार्डावर, लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर माणसाने आपल्या पत्त्यातून जात का सांगावी? पण कादंबरी म्हणजे कुणाचा पत्ता नव्हे. तिथे पाटी बदलली तर आत कोण राहत होतं आणि त्याला तिथे कुणी ठेवलं, तेच पुसलं जातं.

तरी सराव म्हणून 'तमस'वर प्रयोग करून पाहा. आपल्या वर्तमानपत्रांनी याची भाषा तयार ठेवलेली आहे. मास्तर देवव्रत पोरांना 'विशिष्ट समाजाच्या बांधवां'विरुद्ध कोंबडी कापायला शिकवतील. 'दुसऱ्या गटातील नागरिकां'ना पाहून जमाव खवळेल. 'एका प्रार्थनास्थळा'च्या पायरीवर 'एक प्राणी' सापडेल. शेवटी 'दोन गटांत बाचाबाची' होऊन शहर जळेल. वाचणाऱ्याच्या भावना अजिबात दुखावणार नाहीत, कारण काय झालं हे त्याला कळणारच नाही. भिवंडीत 1970 ला आणि पुन्हा 1984 ला काय झालं, हे ज्यांनी फक्त अशाच बातम्यांतून वाचलं असेल, त्यांना विचारून पाहा.

अपघात: पुस्तक शेवटपर्यंत वाचलं गेलं तर

असं होतं कधी कधी. लाइट गेलेली असते, मोबाइलची बॅटरी संपलेली असते, हाती दुसरं काही नसतं. घाबरू नये, पण लक्षणं ओळखावीत.

पहिलं लक्षण: आपल्यासारखा एक माणूस कादंबरीत भेटतो. शेवटाकडे मदतकार्याच्या कचेरीत एक बाबू टेबल टाकून बसलाय. लोक येऊन काय काय झालं ते सांगू पाहतात, आणि त्याला कहाणी नको असते, आकडे हवे असतात: किती मेले, किती जखमी, किती रुपयांचं नुकसान. तो दुष्ट नाही. त्याला रकाने भरायचे आहेत. लाल पेन्सिल हातात धरून हे पान वाचताना जरा अवघडल्यासारखं होतं.

दुसरं लक्षण जास्त गंभीर. 'तमस'वर खरोखरच एक आरोप करता येतो, हे लक्षात येतं. गोष्ट नत्थूच्या हातून सुरू होते. आपण काय करून बसलो हे समजल्यावर मनाला लावून घेणारा, बायकोजवळ घुटमळणारा, गावभर भीतीने फिरणारा तोच एक आहे. बाकी पुढारी आहेत, साहेब आहेत, शेठ आहेत. ते बैठका घेतात. आणि मग कादंबरीचा उत्तरार्ध खेड्यांकडे वळतो, गुरुद्वाऱ्यातून निघून विहिरीत उड्या घेणाऱ्या बायका येतात, हरनाम सिंग आणि त्याची म्हातारी येते, आणि नत्थू जवळजवळ दिसेनासा होतो. तो मेला हे आपल्याला कळतं ते शेवटी, जाता जाता. ज्याच्या हाताला रक्त लावून शहर पेटवलं त्याचं मरण पान भरूनही सांगितलेलं नाही. त्याची बाजू पंचायतीत कधी मांडली गेली नव्हती. कादंबरीतही ती सुरू होऊन मध्येच राहिली.

यावर वाद होऊ शकतो. कुणी म्हणेल, तेच तर लेखकाला दाखवायचंय; अशा माणसाचं मरण असंच जाता जाता नोंदवलं जातं. मला हे अर्धं पटतं. निहलानींनाही बहुधा काहीतरी कमी वाटलं असावं, कारण मालिकेत त्यांनी नत्थू आणि त्याची बायको यांना शेवटपर्यंत सोबत घेतलं. पण मुद्दा असा की या आरोपात एकही शिवी पुरावा म्हणून लागत नाही. हा आरोप लेखकाने काय लिहिलं यावर नाही, कुणाला किती जागा दिली यावर आहे. अचेबेंनी कॉनरॅडला पकडलं ते याच जागी. आणि मराठी कादंबरीची दीडशे वर्षं या नजरेने तपासायची म्हटली तर शिव्या सापडतील त्याहून कितीतरी जास्त वेळा माणसंच सापडणार नाहीत. वाडा असेल, वाड्यातली कुचंबणा असेल. परसदारी येणारीला नाव नसेल. तिथे तुमची पेन्सिल गोल कशाला करणार?

या अवस्थेला पोचलेल्यांनी ही मार्गदर्शिका दुसऱ्या नवशिक्याला द्यावी.

सराव प्रश्न

प्रश्न 1. भिवंडीत एखाद्या दुपारी धामणकर नाक्यावर उभे राहा. दहा मिनिटांत कानावर पडणाऱ्या जातिवाचक आणि धर्मवाचक शब्दांची यादी करा. त्यांपैकी किती कादंबऱ्या वाचून शिकलेले होते? (2 गुण)

प्रश्न 2. 1984 च्या दंगलीनंतर भिवंडीत पोलीस उपायुक्त असताना सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या. हिंदू-मुसलमान शेजारी एकत्र बसवले, आणि डिसेंबर 1992-जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या बैठकांत लोक एकमेकांना काय काय बोलले असतील, कल्पनेने लिहा. एकही आक्षेपार्ह शब्द न वापरता हे लिहिता आलं तर गुण मिळणार नाहीत. (5 गुण)

प्रश्न 3. 'तमस'च्या शेवटी शहरातून शांततेची बस निघते. सगळ्या पक्षांचे पुढारी तिच्यात आहेत. ध्वनिक्षेपकावरून ऐक्याच्या घोषणा देतोय तो मुराद अली, ज्याने नत्थूला पाच रुपये दिले होते. त्याला ओळखू शकणारा नत्थू तोवर मेलेला आहे. पायरी पहिली वापरून मुराद अलीच्या घोषणांतले आक्षेपार्ह शब्द मोजा आणि तो दोषी आहे का ते सांगा. आकडा शून्य आला तर उत्तर पुन्हा तपासू नये. (10 गुण)